बारा महिने, बारा साहित्यप्रकार: गटासाठी पुस्तकं कशी निवडायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा जणांचा गट, वयं 22 ते 68. दर महिन्याला वेगळ्या साहित्यप्रकारातलं एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि महिनाअखेर भेटून बोलायचं. गेल्या वर्षीही हेच ठरलं होतं, पण पाचव्या महिन्यात चौघंच उरले. म्हणून या वर्षी तुम्हाला बारा प्रकारांतली, सगळ्यांना आवडतील अशी बारा पुस्तकं सुचवून हवी आहेत.

मी सोळा वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करते आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षं वाचनगट चालवते आहे. तुम्हाला तयार यादी देणं मला सोपं आहे, पण तिचा तुम्हाला फारसा उपयोग होणार नाही. गेल्या वर्षीच्या पाच पुस्तकांचा क्रम तुम्ही प्रश्नात दिला आहे: सुरुवातीला सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी, मग रहस्यकथा, मग तत्त्वज्ञानावरचं पुस्तक, मग कवितासंग्रह, मग आत्मचरित्र. पुस्तकं वाईट नव्हती. गळती पहिल्याच महिन्यात सुरू झाली असणार, ती दिसली पाचव्यात. ज्याचं पुस्तक अर्धं राहतं त्याला भेटीला यायला संकोच वाटतो. एक भेट चुकली की पुढचं पुस्तक हातात घ्यायचा उत्साह राहत नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत तो माणूस मनाने गटाबाहेर गेलेला असतो.

तेव्हा सगळ्यांना काय आवडेल हा प्रश्न बाजूला ठेवू. अकरा माणसांना सारखंच आवडणारं पुस्तक शोधत बसलात तर हाती गुळमुळीत काहीतरी लागेल. ज्याला या महिन्याचं पुस्तक आवडलं नाही किंवा जमलं नाही, तोही पुढच्या महिन्यात यावा यासाठी निवड कशी करायची, हे पाहायला हवं. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतं आणि तिसरं पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. गटवाचनात आपण एकच पुस्तक अकरा वाचकांपुढे ठेवतो, म्हणजे दुसऱ्या सूत्राला मुरड घालतो. ती भरपाई निवडीच्या पद्धतीतून करावी लागते.

सुरुवात ‘प्रकार’ या शब्दापासून करते, कारण बहुतेक याद्यांचा घोळ तिथेच होतो. कविता, नाटक, कथा, कादंबरी, निबंध, पत्रं ही झाली लेखनाची रूपं. रहस्य, विज्ञान, भय, इतिहास, प्रेम हे गोष्टीचे विषय. आणि अनुवादित, शंभर वर्षांपूर्वीचं, लहान मुलांसाठीचं किंवा गटातल्या कुणीच न वाचलेल्या लेखकाचं ही झाली अट. तिन्ही एकाच यादीत मिसळली की वाद ठरलेला. आमच्या एका गटात मेरी शेलीच्या 1818 च्या ‘फ्रँकेन्स्टाईन’वरून असा वाद झाला. तो महिना अनुवादाचा होता. एकाचं म्हणणं ही विज्ञानकथा, दुसऱ्याचं म्हणणं ही भयकथा, तिसरी म्हणाली की बराचसा मजकूर पत्रांतून येतो, मग पत्रांच्या महिन्यात का नको? तिघांचंही बरोबर होतं. तेव्हापासून मी नियम केला: एक पुस्तक वर्षात एकाच घरात मोजायचं आणि ते घर वाचायला घेण्याआधी ठरवायचं.

रूप, विषय आणि अट ही तीन घरं वेगळी मांडून बघा, आपण काय विसरतो ते लगेच दिसतं. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणारं ड्यूईचं दशांश वर्गीकरण 1876 मध्ये आलं. त्यात साहित्य आठशेच्या घरात येतं. भाषेनुसार विभागणी झाली की पुढे रूपांचे आकडे लागतात: कविता, नाटक, कथात्म लेखन, निबंध, भाषणं, पत्रं, विनोद. रहस्यकथा आणि भयकथा तिथे वेगळ्या नाहीत, सगळं कथात्म. पत्रांना आणि भाषणांना मात्र स्वतःचं घर आहे. वाचनगटांच्या याद्यांत नेमकं उलटं असतं. कादंबरीचे पाच उपप्रकार येतात आणि पत्रसंग्रह, रोजनिशी, भाषणं यांची कुणाला आठवणही होत नाही. मी गेली काही वर्षं प्रत्येक गटात एक महिना पत्रांना देते. एरवी न बोलणारी माणसं त्या भेटीत बोलतात, कारण पत्र कसं वाचायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही.

माझ्या लेखी प्रकार निवडण्याची खरी कसोटी एकच आहे: या पुस्तकाने वाचण्याची पद्धत बदलावी लागते का? रहस्यकथा वाचताना आपण खुणा गोळा करत पुढे धावतो. कवितेत त्याच ओळीवर पुन्हा येतो. नाटक वाचताना आवाज आणि हालचाल आपल्याला मनात उभी करावी लागते. निबंध वाचताना लेखकाशी मनातल्या मनात वाद घालतो. विज्ञानावरच्या पुस्तकात एक पायरी निसटली की मागे जावं लागतं. दोन महिन्यांच्या पुस्तकांवर वेगळी लेबलं असतील पण वाचायची पद्धत तीच असेल, तर गटाला वेगळं काही मिळालेलं नसतं. ऐतिहासिक कादंबरी, कौटुंबिक कादंबरी आणि प्रेमकथा ओळीने ठेवल्या तर लोक तिसऱ्या महिन्यात कंटाळतात आणि का कंटाळलो हे त्यांना सांगता येत नाही.

याचं एक उदाहरण देते. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आम्ही जोडीने वाचलं. ‘युगान्त’ हे महाभारतावरचं निबंधांचं पुस्तक, मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी लिहिलेलं, 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. ‘मृत्युंजय’ ही 1967 ची कादंबरी, वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून सांगितलेली. कर्ण दोन्हीकडे आहे. कादंबरी तुम्हाला त्याच्या शेजारी उभं करते, निबंध तुम्हाला चार पावलं मागे नेऊन त्याच्याकडे बघायला लावतो. कादंबरी आधी वाचलेले लोक निबंधावर चिडले होते, निबंध आधी वाचलेले कादंबरीला भाबडी म्हणत होते. दोन तास कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. साहित्यप्रकार बदलला की तोच माणूस वेगळा दिसतो, ही गोष्ट मला समजावून सांगावी लागली नाही. मात्र ‘मृत्युंजय’ जाडजूड आहे, तिला आम्ही दोन महिने दिले होते.

इथून जाडीकडे वळते. गट बहुतेकदा पानं मोजून ठरवतात: तीनशेच्या आतलं हवं. पानं फसवतात. तासांचा हिशेब करा. रोज 20 मिनिटं वाचणारा माणूस 30 दिवसांत 10 तास वाचतो, आणि नोकरी-संसार सांभाळणाऱ्याकडून याहून जास्त धरू नये असं माझं मत झालं आहे. आता निवडायच्या पुस्तकाची मधली दहा पानं गटातल्या तिघांना वाचायला द्या, त्यातला एक सावकाश वाचणारा असू द्या, आणि वेळ मोजा. सावकाश वाचणाऱ्याला दहा पानांना 24 मिनिटं लागली तर त्याची तासाला 25 पानं होतात, महिन्याला 250. तेच दाट वैचारिक पुस्तकात 40 मिनिटं लागली तर तासाला 15, महिन्याला 150. म्हणजे अडीचशे पानांची कादंबरी आणि दीडशे पानांचं वैचारिक पुस्तक यांचं ओझं त्याच्यासाठी सारखंच. तुमचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक चारशे पानांचं होतं असं तुम्ही लिहिलंय. या हिशेबाने ते जवळजवळ 27 तासांचं काम झालं. एका महिन्यात ते होणार नव्हतंच, त्यात कुणाचा आळस नव्हता.

उलट बाजूने एक शंका नेहमी येते: कवितासंग्रह किंवा नाटक इतकं बारीक असतं, ते ‘पुस्तक’ म्हणून धरायचं का? युनेस्कोने 1964 मध्ये आकडेवारीच्या सोयीसाठी पुस्तकाची व्याख्या केली, तिच्यात मुखपृष्ठं सोडून किमान 49 पानं धरली आहेत. कुणाला नियमच हवा असेल तर हा घ्या. मी स्वतः पानांची अट घालत नाही. चाळीस कविता नीट वाचायला कादंबरीइतकेच दिवस लागतात.

कवितेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या गटात चौथ्या महिन्यात कवितेलाच सगळ्यात कमी लोक आले असं तुम्ही म्हणता. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ होते, हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेलं. पहिल्याच भेटीत म्हणाले, “कविता माझ्या डोक्यावरून जाते, त्या महिन्यात मी येणार नाही.” मी त्यांना म्हटलं, वाचून येऊ नका, नुसते या. त्या भेटीत आम्ही संग्रहातल्या फक्त तीन कविता घेतल्या. प्रत्येक कविता तिघांनी, एकामागून एक, मोठ्याने वाचली. पहिल्या कवितेत एक जण ओळ संपेल तिथे थांबला, दुसरी अर्थ संपेल तिथे थांबली, आणि तिसरे हे गृहस्थ होते. ते एका शब्दापाशी अडखळले, मागे गेले, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “थांबा, हे ‘तो’ कुणाबद्दल आहे? मी आत्तापर्यंत वडिलांबद्दल समजत होतो.” खोलीत निम्मे लोक मुलाबद्दल समजत होते. पुढचा अर्धा तास त्या एका सर्वनामावर गेला. म्हणून कवितेचा महिना असेल तर पुस्तक सगळ्यांचं एकच हवं, प्रत्येकासमोर तेच पान हवं, आणि घरी वाचून येण्याची सक्ती नको.

यातूनच पुढचा मुद्दा येतो. सगळ्यांनी दर महिन्याला एकच पुस्तक वाचलं पाहिजे असं नाही. काही महिन्यांत प्रकार सामाईक ठेवा, पुस्तक ज्याचं त्याने निवडू द्या. चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, पत्रं यांना हे छान लागू पडतं. अकरा जण अकरा आयुष्यं घेऊन येतात आणि बोलणं आपोआप तुलनेवर जातं: लेखकाने काय लपवलं, बालपणाला किती पानं दिली, कुठे घाई केली. रहस्यकथेत मात्र हे कधीही करू नका. प्रत्येकाने वेगळी रहस्यकथा वाचली तर शेवट सांगता येत नाही, आणि शेवटाशिवाय रहस्यकथेवर बोलण्यासारखं थोडंच उरतं. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप बसतं. रहस्यकथा एकच घ्या आणि भेटीत पहिलं वाक्य हेच असू द्या की शेवट आता उघड आहे. नाटकही एकच हवं, आणि ते भेटीतच पात्रं वाटून घेऊन वाचा. नव्वदेक पानांचं नाटक एका लांबलेल्या बैठकीत संपतं. त्या महिन्यात घरी काही वाचायचं नसतं, म्हणून थकलेल्या गटासाठी ते फार उपयोगी पडतं.

पुस्तक नेमकं कोणी निवडायचं? मतदानाने निवडू नका, असं मी आग्रहाने सांगेन. मतदानात सगळ्यांची दुसरी पसंती जिंकते. माझी पद्धत अशी: ज्याला तो प्रकार मनापासून आवडतो त्याच्याकडे तो महिना द्यायचा. त्याने तीन पुस्तकं सुचवायची, गटाने त्यातलं एक काढून टाकायचं, उरलेल्या दोनमधून त्याने ठरवायचं. यात एक धोका आहे. जाणकार माणूस आज त्याला आवडणारं पुस्तक सुचवतो, आणि ते बहुधा त्या प्रकारात वीस वर्षं मुरलेल्या वाचकासाठी असतं. विज्ञानकथांचा भोक्ता नवख्यांना सर्वांत अवघड विज्ञानकथा देतो. म्हणून मी त्याला एकच प्रश्न विचारते: “तुम्ही स्वतः या प्रकाराकडे कोणत्या पुस्तकामुळे वळलात?” उत्तर देताना बहुतेक लोक हसतात, कारण ते पुस्तक साधं असतं, कधीकधी शाळेच्या वयात वाचलेलं. त्या तिनांत हे पुस्तक असलंच पाहिजे असा मी हट्ट धरते.

तिन्ही पुस्तकं ठरवण्याआधी प्रत्येक पुस्तक तीन जागी उघडून बघा: पहिलं पान, एक तृतीयांश झाल्यावरचं एखादं पान आणि अर्ध्याच्या पुढचं एखादं. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेलं असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. गटातले लोक पुस्तक सोडतात ते साधारण एक तृतीयांशाच्या आसपास, तेव्हा ते पान काळजीने वाचा. ते ओढत नसेल तर पुस्तक कितीही थोर असो, एकट्याने वाचायला ठेवा.

निवडीत आणखी एक जागा ठेवायला हवी, ती नकाराची. एका वर्षी आम्ही दीर्घ आजारावरचं एक आत्मकथन घेतलं. पुस्तक उत्तम होतं, मला स्वतःला फार आवडलेलं. एक सदस्या त्या महिन्यात आल्या नाहीत, पुढच्याही नाही. बऱ्याच महिन्यांनी कळलं की त्यांच्या घरात तेव्हा तेच चाललं होतं. त्यांना ते चारचौघांत सांगायचं नव्हतं आणि न सांगता नको म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. ही चूक माझी होती आणि ती मला अजून बोचते. आता वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक नकार असतो. तो फक्त मला कळवायचा, कारण द्यायचं नाही, मी पुस्तक बदलते आणि कुणी नकार दिला हे कुणाला समजत नाही. वर्षभरात एखाददुसराच वापरला जातो, पण तो आहे म्हणून लोक निर्धास्त असतात.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. अकरांपैकी कुणाची नजर अधू असेल किंवा प्रवासात बराच वेळ जात असेल तर ऐकण्याचं पुस्तक मान्य करा. कविता आणि नाटक तर ऐकताना खुलतात. प्रती मिळतात का हे जाहीर करण्याआधी तपासा, नाहीतर निम्मा महिना शोधण्यातच जाईल. आवृत्त्या वेगळ्या असतील तर पानांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून बोलताना प्रकरण सांगायची सवय लावा. गुण द्यायचे का, तक्ता लावायचा का? विद्यार्थ्यांच्या गटांत मी तक्ता चांगला चालताना पाहिलाय. मोठ्यांच्या गटात तो लोकांना बारीक पुस्तकांकडे ढकलतो आणि मागे पडलेल्याला सगळ्यांदेखत मागे दाखवतो. तुमच्या गटात दोन्ही वयं आहेत, तेव्हा निदान पहिल्या वर्षी नको असं मला वाटतं.

क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे. पहिला महिना कथासंग्रहाचा. ज्याने तीनच कथा वाचल्या तोही पूर्ण भेटभर बोलू शकतो, आणि सुरुवातीला तेच हवं. दुसऱ्यात रहस्यकथा, कारण ती संपते, आणि एक पुस्तक संपवल्याचा आनंद गटाला लवकर मिळायला हवा. तिसऱ्यात नाटक, एकत्र वाचून. चौथ्यात ज्याने त्याने निवडलेलं प्रवासवर्णन. कुणी विष्णुभट गोडसे यांचं 1907 मध्ये छापून आलेलं ‘माझा प्रवास’ आणलं तर ते प्रवासवर्णन आहे, आठवणी आहेत की 1857 च्या उठावाची साक्ष, यावर तुमची अर्धी भेट रंगेल. आणलंच तर ते प्रवासात मोजायचं, हे आधी ठरवून टाका. पाचवा महिना मोकळा ठेवा, गेल्या वर्षी याच महिन्यात गट विरला होता. त्या भेटीत प्रत्येकाने राहिलेलं, सोडलेलं, पुन्हा धरलेलं काहीही घेऊन यायचं. कविता सहाव्यात, लोक एकमेकांसमोर चुकीचा अर्थ सांगायला धजावू लागले की. मग निबंध किंवा विज्ञानावरचं दीडशे पानांच्या आतलं पुस्तक, मग पत्रं, मग दोन महिने एक मोठी कादंबरी, तीही भेटीत अर्ध्यावर थांबून. शेवटचे दोन महिने आत्ता ठरवू नका. दहाव्या महिन्यात तुमच्या गटाला स्वतःच कळलेलं असेल की त्याला काय हवंय. म्हणजे बाराऐवजी नऊ-दहा प्रकार होतील. आकडा बदलायला गटाची हरकत असेल तर मोकळ्या महिन्यात एखादी दीर्घकथा घाला, पण मोठ्या कादंबरीचे दोन महिने कमी करू नका.

राहिला प्रश्न पुस्तक न संपवणाऱ्यांचा. आमचा नियम असा की एक तृतीयांश वाचून पुस्तक सोडायची मुभा आहे, भेटीला मात्र यायचं आणि कुठे थांबलात ते प्रकरण सांगायचं. भेटीची सुरुवातच मी त्यांच्यापासून करते. एकदा चौघं जण एकाच प्रकरणात थांबलेले निघाले. ज्यांनी पुस्तक पूर्ण केलं होतं तेही म्हणाले की आम्ही तिथे दोन दिवस अडलो होतो. मग ते प्रकरण उघडून सगळ्यांनी मिळून पाहिलं. तिथे निवेदक बदलला होता आणि लेखकाने ते कुठेही सांगितलं नव्हतं. सोडून दिलेल्यांपैकी दोघांनी त्याच रात्री पुस्तक पुन्हा हातात घेतलं.

पहिल्या भेटीआधी अकरा जणांना दोनच प्रश्न पाठवा: कोणत्या प्रकारावर तुमचा जीव आहे, आणि कोणत्या प्रकाराकडे तुम्ही नाक मुरडता? उत्तरं इथे लिहिलीत तर कोणता महिना कुणाकडे द्यायचा हे आपण मिळून बसवू.